शब्द संपल्यावरचं गाणं

शुक्रवारी आमच्या घरात कुणी कुणाला उपदेश करत नसे, कारण त्या दिवशी वेळच नसे. उरलेले दिवस अण्णा, म्हणजे माझे वडील, फारसं बोलत नसत. त्यामुळे माझं वाढीचं वय सल्ल्याशिवाय गेलं असं म्हणायला हरकत नाही. आई बोलायची, पण तिचं बोलणं सल्ल्यात मोडत नाही. ते हवेसारखं दिवसभर घरात असायचं, आणि हवा बघून माणूस कपडे घालतो तसे आम्ही तिचा आवाज बघून वागायचो.

घोडेगावात शुक्रवार जनावरांच्या बाजाराचा. आदल्या संध्याकाळपासून रस्त्याला टेम्पो लागायचे. मागची फळी खाली पडल्याचा आवाज, मग त्या फळीवरून उतरायला नकार देणाऱ्या म्हशीच्या खुरांचा खरखराट, मग तिच्या मालकाचं आधी लाडीगोडीचं आणि नंतर शिव्यांचं बोलणं, हे सगळं आमच्या ओट्यावर बसून ऐकू यायचं. कुठून किती माल आला, हे आई आवाजावरून सांगायची. टेम्पो जास्त म्हणजे अण्णांबरोबर जेवायला माणसं जास्त. त्या हिशेबानं ती सकाळी बाजरीचं पीठ घ्यायची. भाकऱ्यांची चळत, लाल मिरचीचा ठेचा, पिठल्याचं मोठं पातेलं आणि दारात अनोळखी पाहुण्यांच्या वहाणा, असा आमचा शुक्रवार. पुढे मी पोटासाठी आकड्यांच्या धंद्यात पडलो. लोकांचे कर आणि हिशेब बघतो. पण अंदाज बांधायचा कसा हे मी त्या भाकऱ्यांच्या चळतीपाशी शिकलो. तिची भाकरी उरायचीही नाही आणि कमीही पडायची नाही.

अण्णांची थोडी जिरायत शेती होती, आणि शुक्रवारी ते बाजारात दलाली करायचे. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, आणि दोघांनाही आपण फसलो नाही असं वाटेपर्यंत उभंच राहायचं, हे त्यांचं काम. हे काम ते तोंडानं करत नसत. आमच्याकडचा व्यवहार रुमालाखाली व्हायचा. अण्णांच्या खांद्यावर एक मोठा रुमाल असे. तो हातावर टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, एवढं मात्र आधी तोंडानं सांगायचं. बोट पसंत नसेल तर समोरचा ते दुमडून परत करायचा. भोवती बघ्यांची गर्दी उभी असायची, पण आकडा त्या दोघांखेरीज कुणाला कळत नसे, आणि कळू द्यायचाही नसे. रुमालाखाली जे ठरलं ते बाहेर बोलायचं नाही, हा तिथला कायदा. लहानपणी मी रुमालाकडे टक लावून बघायचो. कापडाखाली दोन हात हलताना दिसायचे, आणि वर दोघांचे चेहरे मात्र एष्टीची वाट बघत असल्यासारखे कोरे असायचे.

बारावीनंतर मी नगरला कॉलेजात गेलो. खोलीवर माझ्याबरोबर सॅमसन नावाचा मुलगा होता. आम्ही त्याला सॅम म्हणायचो. त्याचे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यामुळे त्याला सुरांची भीती नव्हती. त्याच्याकडे एक गिटार होती आणि एक छोटा टेपरेकॉर्डर. भिंगारच्या छावणीतल्या कुण्या साहेबानं बदली झाल्यावर जे सामान विकून टाकलं, त्यात हा टेपरेकॉर्डर आणि एक खोकंभर इंग्रजी कॅसेट त्याच्या घरच्यांना मिळाल्या होत्या. कव्हरं हरवलेली, बऱ्याच कॅसेटवर नावंही नाहीत. त्यातल्या एका कॅसेटवर ते गाणं होतं.

ज्याला रॉक म्हणतात ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि जे थोडं कानावर पडलं होतं त्यानं डोकं दुखायचं. हे गाणं तसं नव्हतं. सुरुवातीला नुसती गिटार, कुणीतरी दाराशी येऊन बेल वाजवावी की नको असा विचार करत असल्यासारखी. मग एका बाईचा आवाज, जरा घोगरा, घाई नसलेला. ढोल बराच वेळ येतच नाहीत. ते येतात तेव्हा ती बाई जवळजवळ ओरडत असते, आणि ते ओरडणं रागाचं नसतं. इंग्रजी माझं कच्चं. शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक ओळ थांबवून, मी आणि सॅमनं त्याचा अर्थ लावला. एक मुलगी घर सोडून निघाली आहे. तिचा बाप तिला आपल्या जुन्या ट्रकमधून स्टेशनवर सोडायला चालला आहे. वाटेत तो तिला काय काय सांगतो, तेच गाणं. भूक लागली तर लपवू नकोस. रस्ता चुकलीस तर विचारायला लाजू नकोस. आणि शेवटी, जिंकलीस तर मला लोकांकडून कळेलच, पण हरलीस तर तू स्वतः फोन कर. एवढंच. यात ग्रेट काय आहे, असं आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. कुठल्याही बापानं कुठल्याही मुलीला सांगावं असंच ते आहे. पण मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मला ते गाणं स्वतःच्या नावानं आलेल्या पाकिटासारखं वाटलं.

आम्ही ते गाणं झिजवलं. सेल महाग पडायचे म्हणून शब्द संपले की सॅम लगेच टेप बंद करायचा, कॅसेट बाहेर काढायचा आणि पेन्सिलीनं उलटी गुंडाळायचा. शब्दांनंतर नुसती गिटार वाजत राहते, तेच दोन सूर फिरून फिरून, त्यात शिकण्यासारखं काही नाही, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटायचं. म्हणजे ज्या गाण्यावर माझी एवढी भक्ती होती, ते मी पुरतं कधी ऐकलंच नव्हतं. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

सॅमनं मला गिटार शिकवली. पहिले काही महिने डाव्या हाताची बोटं सोलून निघत, मग तिथे घट्टे पडले. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही ते गाणं म्हटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या वयात टाळ्यांना वजन किती असतं ते काट्यावर घालून बघायचं कुणाला सुचत नाही. पदवीचा निकाल लागला तेव्हा सॅम म्हणाला, पुण्यात ओळखीची पोरं गाण्याचा गट काढतायत, दोघंही जाऊ. मी हो म्हणालो, आणि घरी सांगायला घोडेगावला आलो.

घरी आई होती, अण्णा होते, आणि ओट्यावर तात्या, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. मी जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. आईच्या हातातलं सूप थांबलं.

"गिटार वाजवनार? आन् खानार काय, तारा?"

"तिथं कार्यक्रम मिळतात आई."

"वैनी," तात्या म्हणाले, "लग्नातल्या सनईवाल्याला जेवन तरी घालत्यात. ह्याच्या वाजवन्यावर म्हशी तेवढ्या दूध चोरतील."

"तात्या, तुम्ही ऐकलंय कधी माझं?"

"ऐकलंय की. मागल्या सुट्टीत वाजवत हुतास तवा तांबडी गाय दावं तोडून गेली."

आई हसली नाही. ती म्हणाली, "मी ह्याला एष्टीत बसू द्यायची न्हाई. ग्रॅज्युएट केलाय म्या. सोसायटीत सेक्रेटरी व्हईल, घरची भाकर खाईल. पुन्यात कोन हाय ह्याचं?" आणि मग अण्णांकडे वळून, "आवो, तुमी बोला की कायतरी."

अण्णा उठून माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसले. खांद्यावरचा रुमाल काढला, माझा उजवा हात ओढून घेतला, आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. आजवर त्यांनी माझा हात या कारणासाठी कधी धरला नव्हता. मग ते मोठ्यानं एकच शब्द बोलले.

"वर्सं."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. शेकडा नाही, हजार नाही, वर्षं. ते मला किती वर्षं हवीत ते विचारत होते. मी त्यांचा सगळा पंजा दाबला. पाच. त्यांनी तो शांतपणे सोडवून घेतला आणि माझं एक बोट धरलं. मी ते दुमडून परत केलं. माझ्या चार बोटांना त्यांनी दोननं उत्तर दिलं. आई आणि तात्या रुमालाकडे बघत होते, आणि अण्णांचा चेहरा शुक्रवारचा होता, कोरा. शेवटी त्यांनी माझी तीन बोटं एकत्र धरली आणि घट्ट दाबली. सौदा तुटेपर्यंत ताणायचं नाही, एवढं मी त्यांच्याकडे बघून शिकलो होतो. मीही दाबली. त्यांनी रुमाल झटकला आणि खांद्यावर टाकला.

"किती?" आई म्हणाली.

"ठरलं," अण्णा म्हणाले.

"आवो पन किती?"

"ठरलं म्हन्लं न्हवं. भाकरी बांध त्याला."

दुसऱ्या दिवशी अण्णा मला एष्टीवर सोडायला आले. आई दारापर्यंतच आली, तीही तोंड फिरवून, पण भाकऱ्यांच्या गाठोड्यात शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि मला आवडतात म्हणून तळलेल्या मिरच्या निघाल्या. थांब्यावर उभं असताना मला वाटत होतं, आता ते काहीतरी सांगतील. गाण्यातल्या बापासारखं. एष्टी आली. ते म्हणाले, "खिडकीकडं बस. उलटी व्हती तुला." मी बसलो. गाडी हलली तेव्हा ते गावाकडे वळलेसुद्धा होते. त्यांची पाठ आणि खांद्यावरचा रुमाल दिसला, बस्स. मला वाईट वाटलं. पुण्यापर्यंत मी मनात ते गाणं म्हणत गेलो, आणि त्यातला बाप किती छान बोलतो, याचा विचार करत राहिलो.

पुण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण सांगण्यासारखं तिथे थोडंच घडलं. आम्ही पाचजण एका खोलीत राहायचो. दिवसा मी एका हिशेबनीसाच्या ऑफिसात कामाला जायचो, संध्याकाळी सराव. माझी बोटं वाईट नव्हती. पण सॅम वाजवायचा तेव्हा ऐकणाऱ्याचा चमचा वाटीत थांबायचा, आणि मी वाजवायचो तेव्हा लोक जेवत राहायचे. हे मला पहिल्या वर्षातच दिसलं होतं, मान्य करायला वेळ लागला. त्या वर्षाच्या शेवटी चार दिवस घरी गेलो तर आई अण्णांशी बोलत नव्हती. ताट वाढून त्यांच्याकडे सरकवायची आणि भिंतीला सांगायची, "जेवायचं आसंल तर जेवा म्हनावं." काय झालं विचारलं तर म्हणाली, दारातला शेवगा न विचारता तोडला. शेवगा खरंच तोडलेला होता. मी त्यावर विश्वास ठेवला. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "तू जा परत. ठरलंय."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गटानं माझ्या जागी दुसरा मुलगा घेतला. भांडण नाही, काही नाही. सॅमनंच मला सांगितलं, आणि सांगताना तो माझ्यापेक्षा जास्त रडला. त्या दिवसापासून गाण्यातली शेवटची ओळ मला सोडेना. आधी मला त्यातला जिंकण्याचाच भाग ऐकू यायचा. लोकांकडून कळेल, म्हणजे घोडेगावात माझं नाव पोचेल, असं मी धरून चाललो होतो. आता दुसरा अर्धा भाग ऐकू यायला लागला. हरलास तर तू स्वतः फोन कर. पण आमच्या घरी फोन नव्हता. पेठेतल्या दुकानात होता, आणि तिथे निरोप ठेवायचा म्हणजे हरल्याची दवंडी पिटण्यासारखं. म्हणून मी स्वतःच निघालो. पोचलो तो शुक्रवार होता. घरी जायचा धीर होईना, तसाच बाजारात शिरलो.

धूळ, शेणाचा वास, घुंगुरमाळा, कुठेतरी जिलबीचं तेल तापलेलं. अण्णा एका खिल्लारी बैलजोडीपाशी उभे होते. मला बघून त्यांनी समोरच्या माणसाला "जरा थांब" म्हटलं. मी काही बोलणार, त्याआधी त्यांनी हात पुढे केला आणि वर रुमाल टाकला. यावेळी त्यांनी माझा डावा हात धरला होता. गाभण म्हशीच्या कासेला लावावा तसा हलका हात त्यांनी माझ्या एकेका बोटाच्या टोकाला लावला. घट्टे चाचपले, चारही बोटांचे. मग त्यांनी माझं एक बोट धरलं आणि दाबलं.

एक वर्ष अजून शिल्लक होतं. ते मला त्याची आठवण करून देत होते. का आलास, काय झालं, लोक काय म्हणतील, यातलं काही नाही. तुझं आहे, हवं तर घे.

मी बोट दुमडून त्यांच्या हातात परत केलं.

त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. रुमालाखाली तो तसाच धरून उभे राहिले. समोरचं गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "दलाल, लेकराचा सौदा व्हतोय का माझा?" तेव्हा त्यांनी रुमाल काढला. "ह्याचा मोडला," ते म्हणाले. "चला, च्या घिऊ." आमच्या बाजारात सौदा मोडला तर मोडणाऱ्यानं चहा पाजायचा असतो. मी खिशात हात घातला तर अण्णांनी तो बाहेर काढायला लावला. चहा झाला, भजी झाली, आणि वर त्यांनी भेळभत्त्याचा पुडा बांधून घेतला. घरी आल्यावर आईनं मला बघितलं, आकाशाकडे हात जोडले, आणि अण्णांना दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. मला तेव्हा एवढंच वाटलं की मी आल्यामुळे ती खुशीत आहे.

मग मी नगरला परीक्षा देत, नोकरी करत, पुढे स्वतःचं ऑफिस काढलं. लग्न झालं, सायली झाली. अण्णा गेले. आई माझ्याकडे सावेडीला राहायला आली. आज ती ऐंशीच्या पुढे आहे आणि तिचं बोलणं अजून हवेसारखंच चालू असतं. सॅम पुण्यात मुलांना गिटार शिकवतो. तो सांगतो, नवीन येणारी मुलं अजून तेच गाणं शिकवा म्हणतात. गाणं मुलांच्या आयांपेक्षा जुनं आहे, तरी. मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "सोपं आहे दत्ता. ऐकायची असतात पण घरून ऐकली तर राग येतो, अशी वाक्यं आहेत ती." हे काही अंशी बरोबर असावं. माझ्यापुरतं सांगायचं तर ते गाणं दर काही वर्षांनी वेगळीच ओळ पुढे करतं. हे त्यात आधीपासून होतं की मी भरतो, ते मला तपासता आलेलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. सायली इंजिनियर होऊन पुण्यात चांगल्या नोकरीला होती. ती सोडून बेंगळुरूला एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण शिकायला जाणार, असं तिनं जाहीर केलं. माझी बायको शैला, जी गणपतीची वर्गणीसुद्धा पावती बघून देते, ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सायली व्हरांड्यात आजीच्या पायाला तेल लावत होती आणि तिच्या मोबाईलवर ते गाणं लागलं. तिला ते माझ्याकडून मिळालेलं नाही, तिनं कुठूनतरी मिळवलं होतं. आईनं विचारलं, ही बाई काय म्हनतीय. सायलीनं ओळीओळीनं सांगितलं.

"लई बोलतोय की तो बाबा," आई म्हणाली. "आमच्यात येवढं न्हाईत बोलत."

शब्द संपले, तरी गाणं चालूच राहिलं. मी पेपर खाली ठेवला. "अजून आहे?" मी विचारलं.

"अर्धं तर आता सुरू होतंय बाबा," सायली म्हणाली.

नुसती गिटार, तेच दोन सूर. मला ते उगाच लांबवल्यासारखं वाटलं, आणि तसं मी म्हणालोही. ते वाजत असतानाच आईनं मला विचारलं, "दत्तू, त्या दिशी ओट्यावर रुमालाखाली किती ठरलं हुतं रं?"

रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं. पण सौद्यातला एक धनी आता नव्हता, आणि विचारणारी आई होती. "तीन वर्षं," मी म्हणालो.

तिचा पाय सायलीच्या हातातच राहिला. "तीन? मला म्हनले एक."

"एक?"

"तुला एष्टीत बसवून आले आन् मी इचारलं, खरं सांगा किती. त्यास्नी आसं एक बोट दावलं. मी म्हन्लं, एक वरीस काढीन मी कसंबी. मग साल सरलं तर म्हनले, पोरगं आनखी एक मागतंय. काय भांडले मी! बोलनं टाकलं."

"म्हणजे तो शेवगा..."

"शेवगा निमित्ताला रं. आन् दुसरं साल सरलं आन् तू आलास, तवा मला वाटलं, पोरगं शब्दाला जागलं." ती थांबली. मग तिला हसू आलं, खोकला येईपर्यंत. "मंजी म्हाताऱ्यानं मला दोनदा इकलं! तिसऱ्यांदाबी इकली असती!"

सायली हसत होती. मला हसू आलं नाही. मी आकड्यांवर जगणारा माणूस आहे. आयुष्यात मी कुणाला पदरचा आकडा सांगितलेला नाही, ना ऑफिसात, ना घरात. अण्णांनी आईला चुकीचा आकडा सांगितला, हे मला खटकलं, आणि मी तसं बोललो.

"तुझं हिशोबाचं दुकान तिकडं ठिव," आई म्हणाली. "तीन ऐकलं आसतं तर मी तुला जाऊ दिलं आसतं व्हय? एष्टीपुढं आडवी झाले आसते."

सायली जाण्याच्या दिवशी मीच तिला स्टेशनवर सोडायला गेलो. शैला आली नाही, तिनं डबा तेवढा दिला. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसलो. मी काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं हे मला दिसत होतं, आणि गाण्यातला बाप बोलतो ती सगळी वाक्यं मला पाठ होती. एकही तोंडातून निघेना. स्कूटीवर तोंडाला बांधतात तो तिचा स्कार्फ बॅगेवर पडला होता. मी तो उचलला, तिचा हात धरला, आणि दोघांच्या हातांवर टाकला. तिला गोष्ट ठाऊक होती.

"वर्षं," मी म्हणालो.

तिनं सगळा पंजा दाबला. मी तिचं एक बोट धरलं. तिनं ते असं काही दुमडून परत केलं की समोरच्या बाकावरची बाई बघायला लागली. पुढे जिथे येऊन थांबलो तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तिनं हात दाबला आणि स्कार्फ काढायच्या आधी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. गाडी आली तेव्हा मी म्हणालो, "खिडकीपाशी बस."

परत येताना कारमध्ये ते गाणं लावलं. शब्द संपले आणि माझा हात सवयीनं बंद करायला गेला, पण पुढे सिग्नल सुटला आणि ते तसंच वाजत राहिलं. बाजूची सीट रिकामी होती. तेच दोन सूर, फिरून फिरून, घाई नसलेले. तेव्हा मला कळलं की ते काय आहे. मुलगी उतरून गेलेली आहे. आता ट्रक परत चाललाय, आणि त्यात एकटा बाप आहे. त्यानं सांगायचं ते सांगून झालं आहे, आणि घरी कुणीतरी दारात उभं आहे, तिथे काय सांगायचं हे त्याला अजून ठरवायचं आहे. एष्टी हलायच्या आत अण्णा गावाकडे का वळले होते, तेही मला तेव्हाच कळलं. त्यांचा अर्धा सौदा घरी बाकी होता.

गाणं घराच्या कोपऱ्यावर संपलं. शैला फाटकाशीच उभी होती. सायलीनं माझ्याशी काहीतरी ठरवल्याचं तिला आधीच मेसेज करून ठेवलं होतं, आकडा मात्र बाबांना विचार म्हणून. व्हरांड्यात आई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती.

"बसली नीट?" शैलानं विचारलं.

"बसली."

"आणि किती वर्षं? खरं सांगा."

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. आई माझ्याकडे बघत होती.

मी एक बोट वर केलं.